विश्लेषण : जुन्या गाडीचा एसी अधूनमधून का बंद पडतो? ‘गॅस भरा’ हे उत्तर का पुरेसे नाही?

घरून निघताना गाडी गारेगार, तासाभराने भट्टी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये पुन्हा सारे ठणठणीत! जुन्या गाडीच्या एसीचा हा लपंडाव दर उन्हाळ्यात हजारो गाडीमालकांच्या वाट्याला येतो. बहुतेक वेळा त्यावर एकच उपाय सुचवला जातो, गॅस भरून घ्या. पैसे जातात, आठवडाभर बरे वाटते आणि दुखणे परत येते. बिघाड गाडीत असतोच. पण तो शोधण्याच्या पद्धतीतही असतो.

नेमके काय घडते?

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. मे महिन्यातील दुपार, बाहेर ४४ अंश. २०११ सालची छोटी हॅचबॅक नागपूरहून अमरावतीला निघाली आहे. मागच्या सीटवर आजी आणि दोन मुले. पहिली चाळीस-पन्नास मिनिटे एसी उत्तम चालतो. मग हळूच झोत कोमट होतो. पंख्याचा वेग वाढवला तर गरम हवाच जोराने येते. वाटेत चहाला थांबून पंधरा मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू केली, तर एसी लागतच नाही. काचा उघडल्या की गरम वाफा आत येतात. आजींना चक्कर येऊ लागते आणि उरलेला प्रवास ओल्या पंचाच्या आधाराने होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गाडी गॅरेजमध्ये. बटण दाबताच गार हवा सुरू. मेकॅनिक गेज लावतो, मान हलवतो आणि म्हणतो, ‘‘गॅस थोडा कमी वाटतोय, टॉप-अप करून देतो.’’ मालक खूश होऊन निघतो. पुढच्या लांबच्या प्रवासात पुन्हा तेच. दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून झाला की शेवटचा सल्ला येतो, कॉम्प्रेसर बदला.

या गोष्टीत मेकॅनिक लबाड असेलच असे नाही. त्याने पाहिली ती गाडी खरोखरच बरी होती. बिघाड घडला दुपारी, तापलेल्या इंजिनात. तपासणी झाली सकाळी, थंड इंजिनात. जो बिघाड तपासणीच्या वेळी हजरच नव्हता, त्याचे निदान होणार कसे?

गॅस ‘संपतो’ का?

पेट्रोल जळते, इंजिन ऑइल खराब होते. एसीचा गॅस मात्र वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. या वयाच्या गाड्यांमध्ये साधारणपणे आर-१३४ए हा गॅस असतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. एसीची सगळी करामत एवढ्यावर उभी आहे.

कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो. दाबामुळे तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो, तिथे उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. ड्रायरमध्ये त्यातील ओलावा टिपला जातो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो आणि उकळतो. ब्लोअरची हवा या गार कॉइलवरून केबिनमध्ये येते. गॅस परत कॉम्प्रेसरकडे जातो.

मग तो कमी होतो कसा? अर्थात गळतीने. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील, रबरी होज आणि जोडांमधील ओ-रिंग यांतून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतो. त्यामुळे सात-आठ वर्षांत एकदा गॅस कमी आढळला तर नवल नाही. दर उन्हाळ्यात तो भरावा लागत असेल तर मात्र ठोस गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

इथे एक साधा तर्क उपयोगी पडतो. गळती एकाच दिशेने जाते. बाहेर गेलेला गॅस रात्रीतून परत येत नाही. म्हणून काल दुपारी पूर्ण बंद पडलेला एसी आज सकाळी पहिल्यासारखा गार करत असेल, तर गॅसची गळती हा पहिला संशयित ठरत नाही. गॅस फारच कमी झाला तर कमी दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला वारंवार तोडतो आणि जोडतो, हे खरे. पण तो खेळ काही सेकंदांचा असतो. कॉम्प्रेसर लागतो, लगेच सुटतो, पुन्हा लागतो. तासभर उत्तम आणि मग तासभर ठप्प, हे त्याचे लक्षण नव्हे.

गेजवर दाब ठीक दिसला म्हणजे गॅस पुरेसा आहे का?

नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातील सिलिंडर आठवावा. सिलिंडर भरलेला असो वा पाव उरलेला, आतला दाब जवळपास तोच राहतो. आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. म्हणूनच घरी आलेल्या सिलिंडरमधील १४.२ किलो गॅसची खात्री वजनकाट्यावर करतात.

गाडीचेही तसेच. इंजिन बंद असताना ३५ अंश तापमानाला आर-१३४एचा दाब सुमारे ११५ पीएसआय दिसतो. आत २०० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम, आकडा तोच. एसी चालू असतानाचे दोन्ही बाजूंचे दाब बरेच काही सांगतात, पण तेही बाहेरचे तापमान, इंजिनाचा वेग आणि पंखा यांवर बदलतात. किती गॅस आहे हे नक्की कळण्याचा मार्ग एकच. मशीनने सगळा गॅस काढून त्याचे वजन करायचे. छोट्या हॅचबॅकमध्ये तो साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असतो. नेमका आकडा बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. एवढ्याशा प्रमाणात ‘अंदाजे थोडा’ ही चूकही मोठी ठरते.

जास्तीचा गॅसही बाधतो. त्याने दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गर्दीत एसी आणखी लवकर तुटतो. उदाहरणातील गाडीत तीनदा टॉप-अप झाले, म्हणजे मूळ आजार तसाच राहून वरून नवा जडण्याची सोय झाली. पहिल्या टॉप-अपनंतर आठवडाभर बरे वाटले, कारण त्या आठवड्यात गाडी शहरात दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्याच मारत होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशी गाठ पडली आणि श्रेय गॅसला मिळाले.

तापल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू. संशय कुणावर?

बहुतेक जुन्या गाड्यांत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि त्याच्या तोंडाशी विद्युतचुंबकीय क्लच असतो. एसी लावला की क्लचच्या कॉइलमध्ये वीज जाते, चुंबक समोरची चकती ओढून घेतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. चकती आणि पुली यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत घासून घासून ही फट वाढते.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल २५ अंशांवरून १०५ अंशांवर गेली तर रोध सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो. थंड असताना साडेतीन अँपिअर घेणारी कॉइल तापल्यावर पावणेतीनच्याही खाली येते. चुंबकाचा जोर घटतो. वाढलेली फट ओलांडून चकती ओढणे त्याला जमत नाही. आधीच चिकटलेली चकती धरून ठेवण्याइतका जोर असतो, म्हणून प्रवासात काही काळ सारे चालते. थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर एकदा सोडला की मात्र क्लच पुन्हा लागत नाही.

चहाचा थांबा इथे महत्त्वाचा पुरावा ठरतो. धावती गाडी थांबवून बंद केली की वारा आणि पंखा थांबतो आणि बॉनेटखालचे तापमान पहिली काही मिनिटे उलट वाढते. म्हणून पंधरा मिनिटांच्या थांब्यानंतर एसी अजिबात लागत नाही आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी बिनतक्रार लागतो. उदाहरणातील हॅचबॅकची सगळी लक्षणे याच बिघाडाकडे बोट दाखवतात. उपायही माफक आहे. अनेक कॉम्प्रेसरमध्ये चकतीमागची पातळ वॉशर, म्हणजे शिम, काढून फट पुन्हा मापात आणता येते. त्यासाठी गॅसच्या नळ्या उघडाव्याही लागत नाहीत. कॉइल खराब झाली असेल तर ती बदलता येते. आख्खा कॉम्प्रेसर बदलण्याची गरज त्यानंतरची.

काही गाड्यांत, विशेषतः नंतरच्या महागड्या मॉडेलमध्ये, क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो. तिथे ‘टक्’ आवाजाची खूण लागू पडत नाही. त्यातील नियंत्रण व्हॉल्व्ह स्कॅनरने तपासावा लागतो.

तासाभराने हवाच कमी का येते?

‘तासाभराने एसी बंद पडतो’ अशीच तक्रार दुसरा एक मालक घेऊन येतो. त्याचा बिघाड मात्र अगदी उलटा असू शकतो. त्याच्या गाडीत हवा गरम होण्याआधी कमी होते. ब्लोअरचा आवाज पूर्वीइतकाच, पण झोत क्षीण. पंधरा-वीस मिनिटे थांबले की गाडीखाली भरपूर पाणी सांडते आणि एसी पुन्हा झकास चालतो.

इथे कूलिंग कॉइलवर बर्फ जमलेला असतो. कॉइलचे तापमान शून्याच्या जवळ आले की एक सेन्सर कॉम्प्रेसरला थांबवतो. तो सेन्सर बिघडला, जागेवरून सरकला किंवा केबिन फिल्टर धुळीने बंद होऊन कॉइलवर हवाच कमी पोहोचू लागली, तर कॉइलवर बर्फ चढत जातो आणि शेवटी हवेची वाट अडते. पावसाळ्यात, कोकणच्या दमट हवेत हे अधिक लवकर होते. गॅसचा इथेही बहुधा दोष नसतो.

म्हणजे तक्रार एकच, पण दोन प्रश्नांनी दोन्ही बिघाड वेगळे होतात. झोत कमी झाला की फक्त गरम झाला? थोडा वेळ थांबल्यावर सुधारला की बिघडला? ही उत्तरे कोणत्याही गेजवर दिसत नाहीत. ती गाडीत बसलेल्या माणसालाच ठाऊक असतात.

याच कुळातील तिसरा प्रकार ओलाव्याचा. गॅस भरताना नळ्यांमधील हवा आणि पाण्याचा अंश नीट काढला नाही, तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो. गार हवा थांबते, छिद्रातील बर्फ वितळतो, पुन्हा गार हवा येते. अशा वेळी झोत पुरेसा असतो, पण त्याचा गारवा येतो-जातो आणि कमी दाबाचा काटा शून्याखाली, निर्वाताकडे झुकतो. घाईत केलेल्या टॉप-अपचे हे फळ असू शकते.

सिग्नलला गरम, महामार्गावर थंड. असे का?

शहरी वाहनचालकांची ही सर्वाधिक ओळखीची तक्रार. धावत्या गाडीत कंडेन्सरवर वारा आपोआप येतो. टोलनाक्याच्या रांगेत किंवा सिग्नलला तो फक्त पंख्यावर अवलंबून असतो. पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले, रिले अडकला किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ, कापूस आणि किडे भरले तर उष्णता बाहेर पडत नाही. दाब चढत जातो आणि सुरक्षेसाठी असलेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. रांग हलली, वारा लागला की एसी परत चालू.

यासाठी साधी चाचणी आहे. गाडी उभी असताना एसी लावून पंखा फिरतो का ते बाहेरून पाहावे. बऱ्याच गाड्यांत तो कॉम्प्रेसरबरोबरच फिरू लागतो. तो फिरतच नसेल, थांबत थांबत फिरत असेल किंवा टिचकी मारल्यावर सुरू होत असेल तर चोर सापडला. मात्र हा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होतो, त्यामुळे हात, ओढणी किंवा काठी त्याच्याजवळ नेऊ नये.

गाडीच एसी बंद करते, हे खरे आहे का?

होय, आणि तो प्रत्येक वेळी बिघाड नसतो. चढावर किंवा ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की अनेक गाड्यांचा इंजिन संगणक कॉम्प्रेसर काही सेकंद सोडतो, जेणेकरून सगळी ताकद चाकांना मिळावी. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

इंजिनाचे तापमान धोक्याच्या पातळीकडे गेले तरीही संगणक आधी एसी तोडतो. हा मात्र इशारा आहे. बोरघाट किंवा कसारा घाट चढताना एसी गेला आणि त्याच वेळी तापमानाचा काटाही वर सरकला, तर तक्रार एसीची नसून कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा रेडिएटरची आहे. अशा वेळी एसीच्या दुरुस्तीवर पैसे घालणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाडी बाजूला घेऊन इंजिन थंड होऊ देणे हाच शहाणपणा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

इथेच एका धोकादायक जुगाडाबद्दल बोलायला हवे. एसी सारखा तुटतो म्हणून प्रेशर स्विच बाजूला ठेवून कॉम्प्रेसर ‘डायरेक्ट’ करून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो स्विच त्रास देण्यासाठी बसवलेला नसतो. तो काढला की दाब वाढल्यावर थांबवणारे कुणी उरत नाही आणि शंभर रुपयांत सुटलेला प्रश्न कॉम्प्रेसरच्या किमतीला पडू शकतो.

खड्ड्यात गेल्यावर एसी जातो-येतो, ते का?

अशा वेळी वायरिंगवर संशय घ्यावा. सैल कनेक्टर, गंजलेली अर्थिंग, फ्यूजबॉक्समधील थकलेला रिले आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, ही जुन्या गाडीतील नेहमीची मंडळी. रिले तपासण्याची सोपी युक्ती अशी की, त्याच फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नसारख्या दुसऱ्या कामासाठी तंतोतंत त्याच क्रमांकाचा रिले असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहावी. बिघाड हॉर्नकडे गेला तर रिले दोषी. क्रमांक वेगळा असेल तर हा प्रयोग करू नये.

ब्लोअरच काही वेगांवर चालत नसेल तर त्याचा रेझिस्टर किंवा वितळलेला कनेक्टर पाहावा लागतो. त्याचा गॅसशी सुतराम संबंध नाही, तरीही ‘एसी नीट चालत नाही’ या एकाच वाक्याखाली ही तक्रारही गॅसच्या रांगेत उभी केली जाते.

निदानाची योग्य पद्धत कोणती?

बिघाड चालू असताना पुरावा गोळा करणे, हा पहिला नियम. गाडी सकाळी सोडून संध्याकाळी नेण्याऐवजी मेकॅनिकला दुपारी गाडीत बसवून अर्धा-पाऊण तास फिरवावे. एसी गेला की इंजिन बंद न करता थेट तपासणी करावी.

दुसरा नियम, प्रत्येक मोजणीने संशयितांची संख्या निम्मी करावी. झोत कमी असेल तर ब्लोअर, फिल्टर आणि बर्फाकडे जावे. झोत ठीक पण गरम असेल तर क्लच लागला आहे का ते पाहावे. क्लच लागलेला नसेल तर त्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरावा. तिथे १२ व्होल्टच्या वर दाब येत असूनही चकती ओढली जात नसेल तर दोष क्लच, त्याची फट किंवा अर्थिंगचा आहे. व्होल्टेज येतच नसेल तर क्लच निर्दोष. मागे रिले, प्रेशर स्विच, सेन्सर आणि संगणक तपासावेत. क्लच लागला असूनही हवा गरम असेल, तरच गॅस, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरची पाळी येते. पाच मिनिटांच्या या क्रमाने महिन्यांचे चाचपडणे वाचते. फिरत्या पट्ट्याजवळचे हे काम अर्थातच जाणत्या हातांनी करायचे.

गॅसवरच संशय आला तर गळती शोधणे आधी. नायट्रोजनचा दाब देऊन, अतिनील दिव्यात चमकणारा रंग वापरून किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने ती सापडते. जोडापाशी साचलेला तेलकट डाग ही तर डोळ्यांना दिसणारी खूण, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास निर्वात पंप चालवून ओलावा काढावा, तो निर्वात टिकतो का ते पाहावे आणि मग वजनावर गॅस भरावा.

गाडीमालकाने काय करावे?

स्मार्टफोन हे इथे उत्तम तपासणी यंत्र आहे. एसी गेला की सहप्रवाशाने एवढ्या गोष्टी टिपून ठेवाव्यात : निघाल्यापासून किती मिनिटे झाली, बाहेरचे तापमान किती, गाडी धावत होती की उभी, झोत कमी झाला की फक्त गरम, इंजिनाच्या तापमानाचा काटा कुठे आणि थांबल्यानंतर किती वेळाने एसी परत आला. एसीचे बटण बंद-चालू करताना ‘टक्’ आवाज येतो का, हे ध्वनिमुद्रित करता येते. व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर खोचून त्याचे फोटो काढले तर वेळेसह नोंद आपोआप होते.

अशा तीन-चार नोंदी झाल्या की त्यातून आकृतिबंध दिसू लागतो. ‘एसी नीट चालत नाही’ आणि ‘पन्नास मिनिटांनी क्लच सुटतो, पंधरा मिनिटे थांबल्यावरही लागत नाही, सकाळी लागतो’ या दोन वाक्यांत हजारो रुपयांचा फरक असू शकतो.

मग ‘गॅस भरा’ ही प्रथा का टिकते?

कारण ती दोघांनाही सोयीची आहे. ग्राहकाला लगेच गार हवा हवी असते. मेकॅनिकला कामाचे पैसे हवे असतात आणि ते सुट्या भागांवर किंवा गॅसवरच मिळतात. ‘‘दोन तास गाडी फिरवून शोधतो, त्याचे वेगळे पैसे होतील’’ असे कुणी म्हटले तर ‘‘नुसते बघायचे पैसे?’’ हा प्रश्न ठरलेला. शोधण्याच्या श्रमांना किंमत नसेल तर शोधणार कोण? डॉक्टरांची तपासणी फी आपण औषधाच्या किमतीत लपवून देत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तसेच करतो आणि मग औषध जास्त लिहून दिले म्हणून रागावतो.

दोष गॅरेजकडेही आहे. बिलावर ‘एसी गॅस’ एवढेच लिहिलेले असते. किती ग्रॅम निघाला, किती भरला, निर्वात पंप किती वेळ चालला, गळती तपासली का, याचा पत्ता नसतो. गॅस कोणता भरला हेही बहुतेक ग्राहकांना कळत नाही. स्वस्तात पडतो म्हणून ज्वलनशील हायड्रोकार्बन किंवा मिश्र गॅस भरला गेला तर केबिनमध्ये गळती झाल्यावर आगीचा धोका असतो. म्हणून डब्यावरचे नाव पाहणे आणि ते बिलावर लिहून घेणे हा ग्राहकाचा हक्कच मानला पाहिजे.

हा केवळ खिशाचा प्रश्न आहे का?

नाही. आर-१३४ए ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, म्हणून १९९०च्या दशकात तो आर-१२ची जागा घेऊ लागला. पण तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट घातक मानला जातो. ४५० ग्रॅम गॅस हवेत गेला तर तो सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एकदा सोडलेला गॅस सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीचा. गळती न शोधता दर वर्षी गॅस भरणारी छोटी गाडी हा हिशेब गुपचूप वाढवत राहते.

याच गटातील वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली असून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात सुरू करून २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. कपातीचे आकडे दिल्लीत ठरतात, पण गॅस सुटतो तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये, नळीचे तोंड सैल करताना ऐकू येणाऱ्या ‘फुस्’ आवाजात.

निष्कर्ष काय?

खासगी गाडीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतरही नूतनीकरण करून ती चालवता येते. म्हणजे दहा-बारा वर्षांची गाडी भंगारात काढण्याची वस्तू नाही. अनेक कुटुंबांसाठी ती पुढची काही वर्षे चालवायची एकमेव गाडी आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिच्यातील एसीला चैन म्हणण्याचे दिवसही गेले. वृद्ध आणि लहान मुले सोबत असताना तो आरोग्याचा प्रश्न आहे.

म्हणून ग्राहकाने तपासणीचे पैसे वेगळे देण्याची तयारी ठेवावी आणि बदल्यात लेखी निदान मागावे : काय मोजले, किती आले आणि म्हणून काय बदलले. गॅरेजने गॅस ग्रॅममध्ये लिहावा आणि काढलेला भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. उदाहरणातील हॅचबॅकला नवा कॉम्प्रेसर नको होता. तिला हवा होता दुपारच्या उन्हात बॉनेट उघडून क्लचवर मल्टिमीटर धरणारा माणूस, आणि त्याच्या त्या पाच मिनिटांचे पैसे द्यायला तयार असलेला मालक.